शाळेतलं अंडं: सरकारच्या तिजोरीतून की गावाच्या वर्गणीतून?

रानवाट (धागाकर्ता)
नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद केले आणि शाळांना सांगितलं, अंडा पुलाव किंवा गोड पदार्थ द्यायचा असेल तर लोकसहभागातून द्या.

'सर्वांगीण विकास' हे शब्द नसलेलं शिक्षण खात्याचं परिपत्रक दाखवा, बक्षीस देतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा निकष आहे. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. त्यासाठी तिजोरीत पैसे नाहीत?

आणि लोकसहभाग कुठे जमणार? कारखान्याचे संचालक राहतात त्या गावात जमेल. अक्कलकुव्याच्या पाड्यावर, जिथे निम्मं गाव ऊसतोडीला गेलंय, तिथे मास्तरांनी कोणाचं दार वाजवायचं? गरज जिथे जास्त तिथेच ताट कोरडं राहणार. माझा विरोध एवढ्यालाच आहे.

खडूफळा
दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहे म्हणून लिहितो. अंडी बंद झाली तेव्हा सुटलो असं वाटलं, खोटं कशाला बोलू. सरकारी दर अंड्यामागे ५ रुपये, आमच्या दुकानात सहा-सात. वरचे पैसे कोणाच्या खिशातून? मोटारसायकलवर ट्रे बांधून आणायचे, फुटले तर तेही आपलेच. त्यात रोज किती मुलं जेवली ते ऑनलाइन भरायचं. चार वर्ग दोघांत वाटलेले. मी अंडी आणायला गेलो की उरलेल्यांना कोण शिकवणार? मुलाचा विकास जेवणातूनही होतो, मान्य. वाचनातूनही होतो ना?

साधी_राहणी
आमच्या घरी अंडं चालत नाही. मुलीला केळं मिळायचं, त्यात प्रथिनं जेमतेम १ ग्रॅम. म्हणजे तुमच्याच हिशोबाने तिला कमी मिळालं. मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण अंड्याइतकी प्रथिनं असतात. गूळ-शेंगदाण्याची चिक्की सगळ्यांना द्या, वेगळी पंगत नको आणि पालकसभेत भांडणही नको. अंड्याचाच हट्ट का?

रानवाट
@साधी_राहणी, चिक्की द्याच, पण अंड्याच्या जागी नको. बी-१२ जीवनसत्त्व शेंगदाण्यात नसतं, अंड्यात असतं. शाकाहारी घरात निदान दूध-दही येतं. ज्या घरात दूध चहापुरतं येतं तिथल्या पोराने काय करायचं? केळं अपुरं आहे हे मात्र शंभर टक्के खरं. न खाणाऱ्यांना केळ्यासोबत चिक्कीही द्या.

मरिना_किनारा
मी चेन्नईत राहतो. इथे सरकारी शाळेत आठवड्याचे पाचही दिवस अंडं असतं. शिवाय २०२२ पासून प्राथमिकच्या मुलांना सकाळचा नाश्ता सुरू झालाय, कारण पोरं रिकाम्या पोटी शाळेत यायची. कर्नाटकात अझीम प्रेमजी फाउंडेशनने पैसे घातल्यावर आठवड्यातले अंड्याचे दिवस दोनाचे सहा झाले. म्हणजे बाहेरून मदत घ्यायला हरकत नाही, पण ती राज्य सरकारने मागितली. प्रत्येक मास्तराच्या गळ्यात पावतीपुस्तक अडकवलं नाही.

खडूफळा
तामिळनाडूचं कौतुक ऐकून कान किटले. तिथे या कामाला वेगळे कर्मचारी असतात. इथे स्वयंपाक करणाऱ्या ताईंना महिन्याला अडीच हजार. त्यांना अंडी सोलायला आणखी एक तास थांबा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि सर्वांगीणच बोलायचं तर अंड्यावर का थांबता? आरोग्य तपासणीचं पथक वर्षातून एकदा येतं. दात किडलेत, नजर कमी आहे, असं लिहून देतं. पुढे तालुक्याला न्यायचं कोणी? आई म्हणते, एक दिवसाची मजुरी बुडते. माझ्या वर्गातला एक मुलगा फळ्याला नाक लावून वाचतो. त्याला आधी चष्मा हवाय.

रानवाट
चष्मा हवाच. पण एकाचं नाव पुढे करून दुसरं काढून घ्यायचं, हा डाव सरकारचा. तुम्ही त्यांना शब्द का पुरवता?

खडूफळा
शब्द पुरवत नाही, अनुभव सांगतोय. बरं, अट सांगतो. अंड्याचे पैसे आगाऊ आणि बाजारभावाने ताईंच्या बचत गटाच्या खात्यात टाका. अंडी त्यांनीच आणावीत, त्या कामाची मजुरी वेगळी मिळावी. मग माझा विरोध संपला. लोकसहभागाची वर्गणी मात्र मी मागणार नाही. गणपतीची आणि जत्रेची मागून झाली की लोक मला बघून गल्ली बदलतात.

साधी_राहणी
आणि चिक्की? ती कोणाच्या खात्यातून?