इन्फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारंच

इंग्रजीतल्या सारख्या वाटणाऱ्या शब्दांबद्दल कुणी म्हणतं, 'अफेक्ट-इफेक्टच्या घोळानं फार तर मार्क जातात, बाकी काही बिघडत नाही.' हे मत त्या जोडीपुरतं पटतं, सगळ्या शब्दांना लागू होत नाही. 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' घ्या. इनव्हिजिबल, इनकरेक्ट वगैरे पाठ झालेला माणूस 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारं असं समजतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. प्रत्यक्षात दोन्हींचा अर्थ एकच: सहज पेट घेणारं. इथला 'इन' नकाराचा नाहीच; मूळ लॅटिन क्रियापद 'इन्फ्लामारे', म्हणजे पेटवणे. न पेटणाऱ्याला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात.

हा गैरसमज इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचाही होतो. म्हणूनच अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं 1920च्या दशकापासून 'फ्लेमेबल' वापरा असा आग्रह धरला. आपल्याकडे मात्र पेट्रोलच्या टँकरवर अजून 'हायली इन्फ्लेमेबल' दिसतं. टँकरचं एकवेळ ठीक, पेट्रोल पेटतं हे सगळ्यांना माहीत असतं. मला काळजी वाटते ती थिनर आणि सॉल्व्हंटच्या डब्यांची. ते हाताळणाऱ्या रंगाऱ्याला डब्यावर ठळक मराठीत 'ज्वालाग्राही' वाचायला मिळालंच पाहिजे.