दहावीनंतर एक वर्ष अमेरिकेत एक्स्चेंज: अकरावीचं काय, तयारी कुठून?

वाटसरू१२:
मुलगी नववीत, राज्य मंडळ. एक्स्चेंज विद्यार्थिनी म्हणून अमेरिकेत एक शालेय वर्ष जायचं म्हणतेय: यजमान कुटुंबात राहून सरकारी शाळेत. दहावीनंतर पाठवावं की अकरावीनंतर? तिथले गुण इथे धरतात का? पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. आत्तापासून काय काय हाती घ्यावं?

दप्तर:
दहावीनंतरच पाठवा. जे-१ या एक्स्चेंजच्या व्हिसाच्या शालेय गटात कार्यक्रम सुरू होताना वय १५ पूर्ण आणि साडेअठराच्या आत लागतं. बालवाडी सोडून ११ पेक्षा जास्त इयत्ता झालेल्या चालत नाहीत, म्हणजे बारावीनंतर हा रस्ता बंद. अकरावीनंतर नियमात बसतं, पण अकरावी-बारावीचा अभ्यास एकमेकांत गुंतलेला. विज्ञान शाखेला मधे वर्षभर तुटलं की बारावी फार जड जाते.

तिथलं वर्ष म्हणजे आपली अकरावी, असं मात्र धरू नका. एक्स्चेंजच्या मुलांना बहुतेक शाळा डिप्लोमा देत नाहीत, फक्त ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणपत्रिका मिळते. तिच्या जोरावर थेट बारावीत प्रवेश मागायला गेलं की गाडी अडते. हे वर्ष जादाचं धरा आणि परतल्यावर अकरावीला रीतसर प्रवेश घ्या. जेईईची पात्रता बारावीच्या वर्षापासून मोजतात, त्यामुळे तिथे नुकसान नाही. विषय निवडताना गणित आणि रसायनशास्त्र घ्यायला सांगा, हात सुटत नाही.

अकरावीचे ऑनलाइन अर्ज मूल परतायच्या आधीच सुरू होऊ शकतात. दहावीची मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला असल्यास तोही घरीच ठेवा. सोबत साक्षांकित प्रती द्या. वर्षाच्या खंडाचं प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी मागतात. ट्रान्स्क्रिप्टच्या दोन सीलबंद प्रती तिथून निघायच्या आधी हातात घ्यायला सांगा. उन्हाळी सुट्टीत शाळेचं ऑफिस ओस पडतं, मग इथून मेल करत बसावं लागतं.

निळी_शाई:
सगळ्यांत जास्त घोळ लसींचा, आणि तो उघड होतो शाळेत नाव घालताना. नियम राज्यागणिक बदलतात, पण गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पोलिओ, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला हे जवळपास सगळीकडे आहे. आपल्या सरकारी लसीकरणात एमआर (गोवर-रुबेला) देतात, एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) नाही. म्हणजे गालगुंडाची लस झालेलीच नसते. कांजिण्यांचीही त्यात नाही. तिच्या वयाला दोन्हींचे दोन-दोन डोस, मधे किमान २८ दिवस.

या दोन्ही जिवंत लसी आहेत. एकाच दिवशी द्या, नाहीतर त्या दोघींमधेही २८ दिवस सोडा. विसाव्या दिवशी दिलेली दुसरी लस तिथे ग्राह्य धरत नाहीत, पुन्हा टोचावी लागते. कार्डावर प्रत्येक डोसची पूर्ण तारीख हवी आणि महिना अक्षरांत, कारण तिथे ०५/०८ म्हणजे ८ मे.

क्षयाची चाचणी मागितली तर रक्ताची 'इग्रा' चालेल का ते विचारा. बीसीजी झालेल्यांची हातावरची मांटू चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि पुढची धावपळ.

पारपत्र:
पासपोर्ट आजच काढून बघा. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट ५ वर्षं किंवा १८ पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल तितकाच चालतो. अठरावं तिथे लागणार असेल तर मधेच संपेल. १५ पूर्ण झाल्यावर १० वर्षांचा घेता येतो, तोच घ्या.

नावाची गंमत वाटते, पण त्रास खरा आहे. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. अर्जात तसंच टंकलं की आडनाव पहिलं नाव होऊन बसतं आणि डीएस-२०१९ वर, म्हणजे व्हिसासाठी संस्था देते त्या प्रमाणपत्रावर, तेच छापून येतं. फॉर्म पासपोर्ट समोर ठेवून भरा. डीएस-२०१९ आल्यावर सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) २२० डॉलर, मग व्हिसाची मुलाखत.

यजमान कुटुंबाला या व्हिसावर पैसे मिळत नाहीत. ते हौसेने ठेवून घेतात. म्हणून कुटुंब ठरायला वेळ लागतो, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत असते. तिकीट घाईने काढू नका.

अर्जात नुसतं 'शाकाहारी' लिहून भागत नाही. अंडं, मासे, चिकनच्या पाण्यातलं सूप आणि जिलेटिन चालत नाही, असं एकेक लिहा. रिफ्राइड बीन्समधे डुकराची चरबी असू शकते, मार्शमेलोत जिलेटिन. डाळभात, पोळी स्वतः करता येते हेही लिहा. अंडंही न खाणाऱ्या मुलीला घर मिळायला याने खरंच मदत होते. मसाले कोरडे, पाकीटबंद द्या. ताजा कढीपत्ता नेऊ देत नाहीत.

विम्यात दात आणि चष्मा सहसा नसतात. दातांचं काम उरकून घ्या, चष्मे दोन द्या.

वाटसरू१२:
एमएमआरचं अजिबात माहीत नव्हतं, कार्डावर एमआरच आहे. मनापासून आभार. फोन रोज करावा का?

दप्तर:
रोज नको. रात्री आईशी तासभर बोलणारं मूल त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर गप्पच राहतं, आणि पहिले दोन महिने तिथेच बोलायला शिकायचं असतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. शिकागोच्या वेळेत रविवारी सकाळी ८ म्हणजे आपले संध्याकाळी ६.३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात, तेव्हापासून ७.३०.