केप ब्रेटनवरचा अर्धा दिवस: जाऊन आलेल्यांनी लिहा

ठाणे (धागा सुरू करताना)

गेल्या ऑक्टोबरात बॉस्टनच्या लेकीने आम्हा दोघांना बोटीच्या सहलीला पाठवलं. त्यात एक दिवस सिडनी बंदर होतं. हे सिडनी कॅनडातलं, नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या केप ब्रेटन बेटावरचं. नोव्हा स्कोशिया म्हणजेच नवं स्कॉटलंड. बोट सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते, म्हणून बहुतेक जण अर्ध्या दिवसाची गाइडसोबतची बससहल घेतात. आम्हीही तीच घेतली. परत आल्यापासून तो अर्धा दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. तुम्ही गेला असाल तर लिहा. नुसती ठिकाणांची यादी नको, काय मनात राहिलं ते सांगा.

माझं आधी सांगते. धक्क्यावर उतरलं की समोर सुमारे ६० फूट उंचीचं व्हायोलिन उभं आहे. इथे त्याला फिडल म्हणतात. बस १०५ नंबरच्या हायवेने निघाली. सील आयलंडचा पूल ओलांडून केलीज माउंटनच्या घाटाला लागलो आणि खाली ब्रा-दोर सरोवराचं पाणी दिसायला लागलं. सरोवर म्हणतात खरं, पण ते समुद्राला जोडलेलं आहे आणि पाणी मचूळ आहे. मेपलची झाडं लाल, पिवळी, शेंदरी झालेली. बसमध्ये कोणी बोलेना.

आमची गाइड साठीच्या पुढची बाई होती. सेंट ॲन्सला गेलिक कॉलेज आहे, १९३८ सालचं. तिथे उतरण्याआधी तिने सांगितलं, "इथे गेलिक म्हणू नका, गालिक म्हणा. स्कॉटलंडची भाषा ती गालिक." मग म्हणाली, तिची आजी देवाशी गालिक बोलायची, गाईंशी बोलायची, आजोबांशी बोलायची. मुलांशी मात्र इंग्रजीच. आजीच्या लहानपणी शाळेत गालिक बोललं की मार बसायचा, तो मार मुलांना बसू नये एवढंच तिला हवं होतं. "त्यामुळे आजीची भाषा मी पन्नाशीत क्लास लावून शिकले," असं म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली. माझ्या दोन्ही नाती बॉस्टनला आहेत आणि त्यांच्याशी फोनवर मी इंग्रजीच बोलते. त्या दिवसापासून मी ते बदललं आहे.

सिडनी, केप ब्रेटन (मूळ नाशिक)

काकू, तुमचा धागा वाचून हसू आणि रडू एकदमच आलं. मी इथे केप ब्रेटन युनिव्हर्सिटीत शिकते. भारतातली खूप मुलं आहेत. आम्ही पाच-सहा मराठी जणांनी मागच्या वर्षी एका खोलीत गणपतीही बसवला. बोटींच्या हंगामात मी बंदराजवळ एका चहा-कॉफीच्या ठिकाणी काम करते. सप्टेंबर-ऑक्टोबरात कधी एकाच दिवशी दोन बोटी लागतात आणि श्वास घ्यायला वेळ मिळत नाही.

तुम्ही सगळे पाहून जाता तो शरद ऋतू. आम्ही राहतो तो फेब्रुवारीसुद्धा, सरोवर गोठतं तेव्हाचा. तरी या गावाने मला जे दिलं ते सांगते. इथल्या माणसाला भेटलं की पहिला प्रश्न येतो, "हूज युअर फादर?" वडील कोण तुझे? सुरुवातीला मला राग यायचा, तुम्हाला काय करायचंय म्हणून. मग घरमालकीण आजींनी समजावलं. इथे मॅकडॉनल्ड आणि मॅकनील इतके, की आडनावाने माणूस सापडतच नाही. म्हणून गालिकमध्ये नाव सांगताना आधी स्वतःचं, मग बापाचं, मग आजोबाचं सांगायची पद्धत. आणि जुनी माणसं विचारायची, "को लेश ऊ?" म्हणजे, तू कोणाची?

मला एकदम आमच्या निफाडजवळच्या गावातली पारावरची म्हातारी माणसं आठवली. "कोणाची गं तू?" आजींना मी माझं पूर्ण नाव सांगितलं, मध्ये वडिलांचं नाव घालून. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाल्या, हे तर आमच्यासारखंच आहे. त्या दिवसापासून त्या मला वडिलांच्या नावासकट हाक मारतात.

लालबाग, मुंबई

माझी सहल चुकली, तरीही लिहितो.

बोटीने रात्री घड्याळ एक तास पुढे केलं होतं. नोव्हा स्कोशियाची वेळ बॉस्टनपेक्षा एक तास पुढे आहे. माझा फोन एअरप्लेन मोडवर होता, त्यामुळे तो जुनीच वेळ दाखवत राहिला. आम्ही आरामात नाश्ता करून खाली आलो तेव्हा बस जाऊन पाऊण तास झाला होता. तिकिटाचे पैसे गेले. जाणाऱ्यांनी आदल्या रात्री बोटीवरचं घड्याळ बघून आपलं लावून घ्यावं. चूक माझी होती, पण हे कोणी सांगितलंही नव्हतं.

बाहेर एक म्हातारा व्हॅन घेऊन उभा होता. त्याने सरोवराच्या काठाकाठाने, बॉइसडेलवरून ग्रँड नॅरोजपर्यंत नेलं. हा हायवे नाही, आतला रस्ता आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला छोटी पांढरी चर्च आणि मागे स्मशान. थडग्यांवर तीच तीच आडनावं. एका विजेच्या खांबावर पांढऱ्या डोक्याचा गरुड बसला होता. गाडी खालून गेली तरी हलला नाही.

हा गृहस्थ तीस वर्षं कोळशाच्या खाणीत होता. इथल्या खाणी समुद्राच्या तळाखालून मैलोगणती आत गेलेल्या होत्या. डोक्यावर अटलांटिक आणि हे खाली खोदतायत. सरकारी कंपनीची इथली शेवटची भुयारी खाण, प्रिन्स, २००१ मध्ये बंद झाली. स्टीलचा कारखानाही त्याच सुमारास गेला. "एका वर्षात गल्लीतली निम्मी पोरं कामासाठी पश्चिमेला, अल्बर्टा प्रांतात गेली," म्हणाला. माझे वडील गिरणीत होते. ८२च्या संपानंतर आमच्या चाळीतून माणसं कशी गेली ते मी दहा वर्षांचा असताना पाहिलंय. मी त्याला तेवढं सांगितलं. त्याने गाडी बाजूला घेऊन थांबवली, थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला दिला. पुढचे दोन तास आम्ही टुरिस्ट आणि ड्रायव्हर राहिलो नाही.

नागपूर

मी बत्तीस वर्षं कर्णबधिर मुलांची शिक्षिका होते. सरोवराकाठच्या बॅडेक गावात अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचं संग्रहालय आहे, हे वाचूनच मी ही सहल निवडली.

लोकांना बेल म्हणजे टेलिफोन एवढंच माहीत असतं. एडिंबरोत १८४७ साली जन्मलेला हा माणूस स्वतःला आधी बधिरांचा शिक्षक समजत असे. आई कमी ऐकणारी. पत्नी मेबल पाच वर्षांची असताना तापात बहिरी झालेली. १८८५ मध्ये ते पहिल्यांदा बॅडेकला आले आणि त्या डोंगरांमध्ये त्यांना स्कॉटलंड दिसलं. समोरच्या टेकडीवर घर बांधलं, नाव ठेवलं बेन व्रिया, गालिकमध्ये सुंदर डोंगर. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ते तिथेच वारले, तिथेच पुरले आहेत. घर कुटुंबाचं खाजगी आहे, लांबूनच दिसतं.

संग्रहालयात एक प्रचंड लांबट करडी होडी आहे, सिगारसारखी, ठिकठिकाणी झिजलेली. एचडी-४. वेग घेतला की पाण्याच्या वर उचलली जाऊन धावणारी. १९१९ मध्ये तिने ताशी ११४ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. त्याआधी, २३ फेब्रुवारी १९०९ ला, याच बॅडेकच्या गोठलेल्या खाडीवरून सिल्व्हर डार्ट हे विमान उडालं, कॅनडातलं पहिलं. चालवणारा मॅककर्डी गावातलाच मुलगा. हे सगळं गाइडने उत्साहाने सांगितलं आणि ते ऐकण्यासारखं आहेच.

माझा पाय मात्र एका फोटोपाशी अडला. हेलन केलर आणि बेल, हातात हात, बोटांनी बोलतायत. बेलना बोटांची भाषा उत्तम येत होती. आणि तरीही शाळांमध्ये मुलांनी खुणांनी न बोलता ओठ वाचून बोलायलाच शिकलं पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्यांत सर्वांत वजनदार नाव त्यांचंच. त्या आग्रहाचे परिणाम माझ्या पहिल्या शाळेपर्यंत पोचले होते. आम्ही मुलांना हात मांडीखाली घेऊन बसायला सांगायचो. मीही सांगितलंय. एक मुलगा, नाव लिहीत नाही, मधल्या सुट्टीत जिन्याखाली जाऊन मित्राशी हातांनी भरभरून बोलायचा आणि मला पाहिलं की हात खिशात घालायचा.

वर ठाण्याच्या ताईंनी गाइडच्या आजीबद्दल लिहिलंय. आमच्याही गाइडने बसमध्ये तसंच काही सांगितलं होतं, आणि तासाभराने मी त्या फोटोसमोर उभी होते. गालिक बोलल्याबद्दल मार खाणारी मुलं आणि खुणा केल्याबद्दल हात दाबून बसलेली मुलं, एकाच रस्त्यावर दहा-बारा मैलांच्या आत. मला बेल लहान वाटले नाहीत, पण त्या दिवसापासून मोठेपणाशी माझं नातं अवघड झालंय. बाहेर आले तेव्हा किडस्टन बेटावरचा छोटा पांढरा-लाल दीपस्तंभ दिसत होता. सगळे फोटो काढत होते. मी बाकावर बसून राहिले.

मिसिसागा

नागपूरच्या ताई, पुन्हा पुन्हा वाचलं.

एक भर घालते. स्कॉटिश लोक १८०२ पासून थेट या बेटावर यायला लागले, जमीनदारांनी हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, मेंढ्यांसाठी माणसं उठवली म्हणून. पण बेट रिकामं नव्हतं. इथले मूळ रहिवासी मिकमॉ लोक या भूमीला उनामाकी म्हणतात. बॅडेक हे नावसुद्धा त्यांच्याच भाषेतून आलंय. वागमाटकुक, एस्कसोनी, वेकोकमॉ या त्यांच्या वस्त्या सरोवराच्या भोवतीच आहेत आणि सिडनी शहराला लागून मेंबरटू आहे. अर्ध्या दिवसाच्या सहलीत हे एका वाक्यात उरकलं जातं. आमच्या गाइडने तर तेही सांगितलं नाही, उलट भेटवस्तूंच्या दुकानात चाळीस मिनिटं काढली. तुम्ही जाल तेव्हा विचारा. विचारलं की सांगतात.

सातारा

आम्ही बॅडेक नाही, सरोवराकाठच्याच आयोना गावाला गेलो. टेकडीवर हायलँड व्हिलेज आहे, गालिकमध्ये बाले नान गेल. जुनी घरं जशीच्या तशी उभी केलीत. पहिलं घर स्कॉटलंडमधलं, जाड दगडी भिंती, गवताचं छप्पर, मधोमध चूल, धूर डोळ्यांत. आत बसलेली बाई त्या काळच्याच कपड्यांत आणि त्या काळचंच बोलते. तिथून एकेक घर पुढे जात तुम्ही शंभराहून जास्त वर्षं चालत येता. गुडघे दुखत असतील तर सांगा, गाडी मिळते. सासूबाईंना मिळाली.

शेवटी मिलिंग. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड सैल असतं, ते ओलं करून आपटून आपटून घट्ट करायचं. लांब लाकडी टेबल, दोन्ही बाजूंना माणसं. ओल्या कापडाचा वेटोळा प्रत्येकाच्या हातात. पुढे आपटायचा, मागे ओढायचा, शेजाऱ्याकडे सरकवायचा. एक जण कडवं म्हणतो, बाकीचे धृपद. कापड नेहमी सूर्याच्या दिशेने फिरलं पाहिजे. उलटं फिरवलं तर अशुभ. म्हणजे प्रदक्षिणेचीच दिशा! स्कॉटलंडमध्ये हे काम फक्त बायकांचं होतं, इथे पुरुषही बसायला लागले.

आम्हालाही बसवलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत हाताला ताल सापडला. माझ्या शेजारी सासूबाई. वय एकोणऐंशी. धृपद येत नव्हतं म्हणून त्या हळूच काहीतरी म्हणत होत्या. मी कान दिला. जात्यावरची ओवी. लय अगदी बसली होती, आपटणं आणि ओवीचा ठेका एक. पुढे बसलेल्या मुलीच्या लक्षात आलं. तिने गाणं संपल्यावर हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि सासूबाईंना म्हणाली, "आता तुमचं." इंग्रजी सासूबाईंना कळत नाही, मी सांगितलं. त्या लाजल्या. मग पदर खोचला.

त्यांनी माहेरावरच्या चार ओव्या म्हटल्या. टेबलाभोवती अठरा-वीस माणसं होती, अमेरिकन, जर्मन, दोघं गावातलेच. कोणाला एक अक्षर कळलं नाही, पण कापड फिरत राहिलं, ठेका चुकला नाही. जातं आमच्या घरातून जाऊन चाळीस वर्षं झाली असतील. त्या ओव्या त्यांना येतात हे मला लग्नानंतरच्या सत्तावीस वर्षांत माहीत नव्हतं.

ठाणे

सातारकर, सासूबाईंच्या ओव्या आधी रेकॉर्ड करून घ्या. आजच.

खाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून सांगते. ओटकेक म्हणून जाड, खरपूस, किंचित गोड बिस्किट मिळतं, ओट्सचं, चहाबरोबर छान लागतं. जुन्या पद्धतीत त्यात डुकराची चरबी असते, तेव्हा शाकाहारी असाल तर विचारून घ्या. लोण्याचेही मिळतात.

सिडनी, केप ब्रेटन

आमच्याकडे लोण्याचेच आहेत, काकू :) यंदा आलात तर काउंटरवर मराठीत बोला.

सातारा

रेकॉर्ड केल्या. कालपर्यंत तेवीस झाल्यात. आज सकाळी त्यांना अजून एक आठवली, पण तिचा दुसरा चरण सापडत नाही. भाकरी थापताना म्हणून बघतायत.