मोकळ्या भूखंडावर पाचोळ्याचं सामायिक खत: जाळी केवढी घ्यावी?

कोथरूडकर: गल्लीच्या टोकाला महापालिकेचा मोकळा भूखंड आहे. पानगळीत तिथेच पाला पेटवतात. ते थांबवून रहिवाशांनी मिळून खत करायचंय. जाळी केवढी? परवानगीचं काय?

मातीवाला: १३ फूट लांब, ४ फूट उंच वेल्डमेश (सांधे जोडलेली लोखंडी तारेची जाळी) गोल वळवून तारेने बांधा. व्यास साधारण ४ फूट येतो. साधारण ३ फुटांहून लहान ढिगात ऊब नीट धरत नाही. तळाला काटक्या, वर फूटभर पाला तुडवून, त्यावर शेणकाला, असे थर लावत जा. वडाची, आंब्याची पानं आधी चुरडाच. अख्खी पानं एकमेकांना चिकटून पापुद्रे धरतात, मग पाणी आत उतरतच नाही. मुठीत दाबल्यावर एखादा थेंब यावा, धार नको.

सई_ब: उन्हाळ्यात ढीग आतून कोरडा पडतो, बहुतेक ठिकाणी काम तिथेच अडतं. वरून पाइप मारून भागत नाही. पंधरा दिवसांनी उलटताना थर न् थर भिजवा. पावसाळ्यात वर ताडपत्री, बाजू उघड्या. आंबूस वास आला तर ओल जास्त झाली, कोरडा पाला मिसळा.

नागरिक_पुणे: महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कुंपणासारखी कामं नागरिकांनी पालिकेच्या अंदाजपत्रकात सुचवायची सोय पुण्यात २००६पासून आहे. आणि झाडणाऱ्या ताईंशी आधी बोला. पाल्यात गुटख्याच्या पुड्या आल्या की चाळताना जीव जातो.