महिन्याला साडेतीन हजार किलोमीटर रनिंग: नवी गाडी की जुनी?

माजिवडेकर:
मंडळी, धाकटा भाऊ कॉम्प्रेसर सर्व्हिसिंगला आहे. घर ठाण्यात, कामं महापे, तळोजा, पाताळगंगा, कधी थेट खोपोली. कंपनी किलोमीटरमागे पैसे देते, गाडी स्वतःची लागते. तो हप्त्यावर नवी घ्यायला निघालाय. माझं ठाम मत, एवढ्या रनिंगला नवी घेऊच नये. तीन-चार वर्षांची, एकाच मालकाची, कंपनी फिटेड सीएनजी घ्यावी.

विम्याचा तक्ता बघा. सहा महिन्यांनंतर गाडीची किंमत 15 टक्के कमी धरतात, तिसऱ्या वर्षात 30 टक्के, चौथ्यात 40. हा तक्ता किलोमीटर बघत नाही, गिऱ्हाईक मात्र आधी मीटरच बघतं. तीन वर्षांत सव्वा लाख पळालेली गाडी विकायला काढा, मग कळेल. वॉरंटीचंही तेच. अनेक गाड्यांना 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. भावाचे लाख अडीच वर्षांच्या आतच पुरे होतात. म्हणजे पैसे तीन वर्षांचे मोजायचे आणि वापरायला मिळणार अडीच.

नेरूळकर:
दादा, अजिबात पटलं नाही. वॉरंटी अडीच वर्षं का होईना, आहे ना? जुनीला काय आहे? क्लच शिळफाट्याला बसला की त्या दिवसाचे कॉल गेले. टूलबॅग खांद्याला मारून पाताळगंगेला कसा पोचणार तो? ज्याची गाडी हीच रोजीरोटी, त्याला गॅरेजचं बिल एक वेळ परवडतं, गाडी चार दिवस उभी राहिलेली परवडत नाही.

शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजही जास्त लागतं. दोन्ही हप्ते शेजारी मांडून बघा.

कळंबोलीकर:
मी गॅरेजवाला. नवी-जुनीचा वाद तुमचा तुम्ही मिटवा, पण आपल्याकडे जुनी घेताना आधी पावसाच्या पाण्यात उभी राहिलेली नाही ना, ते बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. वरचा पट्टा धुऊन चकाचक करतात, गुंडाळलेल्या टोकावर मात्र गढूळ पाण्याची आडवी रेघ राहते. स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा, रेती लागली तर तिथूनच परत फिरा. डॅशबोर्डखालच्या कनेक्टरवर हिरवट गंज असेल तर ती गाडी फुकट दिली तरी नको. वायरिंगचं दुखणं पुढच्या पावसाळ्यात वर येतं आणि सहजासहजी सापडत नाही.

मीटर मागे केलाय का, हे ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर सांगतं. चाळीस हजार चाललेल्या गाडीचं रबर गुळगुळीत होत नाही. सीएनजी टाकीची तपासणी दर 3 वर्षांनी लागते. प्लेटवरची तारीख उलटली असेल तर पंपावर गॅस भरून देत नाहीत.

माजिवडेकर:
कळंबोलीकर, हेच हवं होतं. नेरूळकर, गाडी उभी राहण्याचा मुद्दा खरा आहे, पण त्याचा उपाय नवी गाडी नव्हे. हप्त्यात जो फरक वाचतो तो दर महिन्याला बाजूला टाकायचा. घेतल्या घेतल्या क्लच, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी बदलून टाकायची, बंद पडायची वाट बघायचीच नाही.

ऐरोलीची मीनल:
माझा नवरा एमआर आहे, रात्री घोडबंदरवरून परत येतो, शेजारून जेएनपीटीचे कंटेनर. तुम्ही सगळे पैशाचंच बोलताय. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग 2022 पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीच्या झाल्या. त्याआधीच्या कित्येक स्वस्त मॉडेलमध्ये डावीकडे नाहीच. तीन-चार वर्षांची सांगून दलाल सहा वर्षांची गळ्यात मारतात. आरसीवरचा उत्पादनाचा महिना-वर्ष वाचल्याशिवाय टोकन देऊ नका. आम्ही नवीच घेतली आणि मला त्याचं समाधान आहे.

माजिवडेकर:
मीनलताई, 2022 नंतरचीच, ही अट शंभर टक्के मान्य. नव्याला विरोध कायम. रविवारी तुर्भ्याला एक बघायला जातोय. कळंबोलीकर, जमलं तर याल का? येण्या-जाण्याचं आणि तपासणीचं काय ते सांगा.

कळंबोलीकर:
दुपारी दोननंतर येतो. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, इंजिन थंड पाहिजे, आम्ही येण्याआधी चालू करायचं नाही.

नेरूळकर:
जा, पण सकाळी भावाला घेऊन शोरूममधून नव्याचा ऑन-रोड भाव लिहून घ्या. तो कागद खिशात ठेवूनच तुर्भ्यात घासाघीस करा.