मदत हवी आहे: मोबाइलमीचे ९९ डॉलर भरावेत की आयक्लाउडची वाट पाहावी?

१ जून २०११

नमस्कार मंडळी,

ॲपलने काल प्रसिद्धिपत्रक काढून, येत्या सोमवारी ६ जूनला सॅन फ्रान्सिस्कोतील परिषदेत स्टीव्ह जॉब्स स्वतः 'आयक्लाउड' ही नवी ऑनलाइन सेवा सादर करणार असल्याचे जाहीर केले. एरवी शेवटच्या क्षणापर्यंत मूठ झाकून ठेवणाऱ्या कंपनीने नाव आधीच सांगून टाकल्यामुळे तर्कवितर्कांना ऊत आला आहे. माझी अडचण मात्र साधी आहे. माझ्या मोबाइलमी (टपाल, फायली आणि छायाचित्रे नेटवर ठेवण्याची ॲपलची सशुल्क सेवा) खात्याचे वार्षिक नूतनीकरण १७ जूनला आपोआप होणार असून कार्डावरून ९९ डॉलर वळते होतील. ते होऊ द्यावेत का?

आतापर्यंत जे वाचले, त्यातले बहुतेक गाण्यांविषयी आहे. ॲमेझॉनने मार्चअखेर आणि गूगलने मे महिन्यात गाणी नेटवर ठेवून ऐकण्याची आपापली सेवा आणली, परंतु दोन्हीकडे आपलीच गाणी आपणच एकेक करून वर चढवायची असल्याने मोठा संग्रह असलेल्याचे त्यात दिवसच्या दिवस जातात. ॲपल संगीत कंपन्यांशी करार करत असल्याच्या बातम्या खऱ्या असतील, तर आपल्या संग्रहातले गाणे कोणते एवढे ओळखून तेच गाणे कंपनीच्या साठ्यातून ऐकवता येईल, असा अंदाज आहे आणि तो मला पटतो. नॉर्थ कॅरोलायनातील मेडन गावी सुमारे पाच लाख चौरस फुटांचे डेटा सेंटर कशासाठी बांधले, याचेही उत्तर लोक त्यातच शोधत आहेत.

पण माझ्या टपालाचे, आयडिस्कवरील (मोबाइलमीच्या नेटवरील साठ्यातील) फायलींचे आणि गॅलरीतील छायाचित्रांचे काय होणार, यावर कोणी बोलतच नाही. कालच्या पत्रकात मोबाइलमीचा उल्लेख नाही. मोबाइलमीचे खोके दुकानांतून विकणे फेब्रुवारीतच थांबले, हा एक धागा मला महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर २००९ मध्ये विकत घेतलेली 'लाला' ही संगीतसेवा ॲपलने पुढच्या मे महिन्यात बंद केली होती, तेही विसरता येत नाही.

मी फ्रीमाँटला राहतो. मुलीची छायाचित्रे गॅलरीत चढवली की साताऱ्याला आई-बाबा ती पाहतात. बाबांनी तो पत्ता भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या कडेला पेनाने लिहून ठेवला आहे आणि दर रविवारी तो अक्षर-अक्षर पाहून टाइप करतात. पत्ता बदलला तर त्यांना फोनवरून नवा सांगणे हे नूतनीकरणापेक्षा जड काम आहे.

तेव्हा जाणकारांनी सांगावे: आपोआप होणारे नूतनीकरण आज बंद केले, तर खाते लगेच गोठते की १७ तारखेपर्यंत चालते? आणि गॅलरीतील मूळ आकाराची छायाचित्रे एकगठ्ठा उतरवून घेण्याचा सोपा मार्ग आहे का?

प्रतिसाद १

बाजारात तुरी! घोषणा सोमवारी, पैसे कापले जाणार १७ला. म्हणजे मध्ये अकरा दिवस हातात आहेत, तेव्हा आज पैशांचा निर्णय घेण्याची गरजच नाही. खात्याच्या पानावर जाऊन आपोआप नूतनीकरणाची खूण काढून टाका. भरलेली मुदत संपेपर्यंत खाते चालू राहते. छायाचित्रे आयफोटो या मॅकवरील छायाचित्रांच्या प्रोग्रॅममधून चढवली असतील, तर मूळ प्रती तुमच्या मॅकवर असणारच. त्या आधी तपासून बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. २००८ च्या जुलैत मोबाइलमी सुरू झाली, तेव्हाच्या गोंधळापायी ॲपलला सर्व ग्राहकांना आधी ३० आणि मग आणखी ६० दिवस फुकट द्यावे लागले होते. त्यामुळे नव्या सेवेवर पहिल्याच आठवड्यात सगळे हलवू नये, असे माझे मत.

धागाकर्ता

आभारी आहे. खूण काढली, मुदत १७ जूनच दाखवत आहे. मूळ प्रती मॅकवर सापडल्या, फक्त २००९ च्या दिवाळीच्या नाहीत. त्या फोनवरून थेट गॅलरीत गेल्या होत्या. आज रात्री त्या एकेक करून उतरवतो.