प्रतिसाद: क्रिटात पेनचा दाब लागत नाही
तुम्ही विचारलंय की क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग टॅबलेटच्या पेनचा दाब लागत नाही. विंडोजवर कर्सर नीट फिरतोय पण रेघ एकाच जाडीची येतेय, म्हणजे पेन बहुधा ठीक आहे. टॅबलेटचा ड्रायव्हर (तो संगणकाशी जोडणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकायची घाई नको. आधी क्रिटाच्या सेटिंग्जमध्ये टॅबलेट विभागातला टेस्टर उघडून रेघ ओढा. दाबाचा आकडा बदलत असेल तर दोष ब्रशचा: ब्रश एडिटरमध्ये साइझसमोरची खूण आणि टूलबारवरचं पेनच्या दाबाचं बटण चालू आहे का बघा. आकडा हलतच नसेल तर त्याच विभागात विनटॅबऐवजी विंडोज इंक निवडा (किंवा उलट; पेनची माहिती प्रोग्रॅमपर्यंत पोचवायच्या या दोन पद्धती) आणि क्रिटा बंद करून उघडा. टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्येही तीच निवड हवी, गफलत बहुतेकदा इथेच होते.

रेघेच्या सुरुवातीला गोल उमटून पेन अडकतो, तो प्रकार वेगळा. विंडोजच्या पेन सेटिंगमधली 'दाबून धरल्यास राइट क्लिक' ही सोय बंद करा.